चाकांवरचे बिऱ्हाड : पत्ता आणि पत

चैत्राची चाहूल लागली की बेंगळुरूच्या चामराजपेटेत करंजाला कोवळी पालवी फुटते आणि जुन्या फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर मांडव उभा राहतो. म्हैसूर संस्थानाच्या काळात, १८९२ मध्ये वसविलेल्या या पेठेत श्री रामसेवा मंडळी १९३९ पासून रामनवमीचा संगीत महोत्सव भरवीत आली आहे. पानक आणि कोसंबरीचा प्रसाद घेऊन मंडळी गाणे ऐकावयास बसतात. देशाच्या कानाकोपऱ्यांतून कलावंत येतात, आपली सेवा रुजू करतात आणि घरी परततात. वसंत हा कलावंतांच्या भ्रमंतीचा ऋतूच आहे. मात्र याच दिवसांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात फिरणाऱ्या एका कलावंत-वर्गाला कार्यक्रम संपल्यावर घरी परतता येत नाही, कारण त्यांचे घर त्यांच्याबरोबरच फिरत असते. हा वर्ग म्हणजे तमाशाच्या फडांतील कलावंत.

हौसेचे घर, गरजेचे घर

'घर चाकांवर' ही कल्पना अलीकडे आपल्याकडे पुष्कळ लोकप्रिय झाली आहे. झोपण्याची सोय, लहानसे स्वयंपाकघर, पाण्याची टाकी आणि स्वच्छतागृह असलेली कॅराव्हॅन भाड्याने घेऊन सहलीस निघणारी कुटुंबे आता दिसू लागली आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनासाठी स्वतंत्र धोरणही जाहीर केले. अमेरिकेत तर अशा वाहनातच बारा महिने राहणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यांत हौशी लोक आहेत, तसेच २००८ च्या मंदीनंतर घराचे हप्ते वा भाडे झेपेनासे झालेले वयस्क लोकही आहेत. हंगामाप्रमाणे कोठे गोदामात, कोठे शेतावर काम करीत ते गावोगाव हिंडतात. जेसिका ब्रुडर यांनी २०१७ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिले. त्यावर आधारलेल्या 'नोमॅडलँड' या चित्रपटास २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले.

या लोकांपुढील एक अडचण बँकेत काम करणाऱ्या माणसाच्या चटकन ध्यानात येते. ती म्हणजे पत्ता. वाहनचालकाचा परवाना, विमा, बँक खाते या सर्वांसाठी कायमचा पत्ता लागतो. म्हणून तेथील अनेक जण साउथ डकोटा राज्यात एक रात्र मुक्काम करून त्याची पावती दाखवितात, टपाल स्वीकारणाऱ्या एखाद्या संस्थेचा पत्ता घेतात आणि कागदोपत्री त्या राज्याचे रहिवासी होतात. पाणी, वीज आणि अंथरूण चाकांवर चढविता येते. पत्ता मात्र जमिनीवरच शोधावा लागतो.

चैत्राचा बाजार

आपल्याकडे हौसेची कॅराव्हॅन येण्याच्या कितीतरी आधीपासून माणसे असे फिरते बिऱ्हाड करीत आली आहेत. कर्नाटकात १८८४ मध्ये स्थापन झालेली गुब्बी नाटक कंपनी सारा संसार बरोबर घेऊन गावोगाव फिरे. महाराष्ट्रात ढोलकी-फडाच्या तमाशाने ही रीत आजही जिवंत ठेवली आहे. संगीत बारीचे कार्यक्रम बहुधा ठरावीक कलाकेंद्रांत होतात. फड मात्र गावोगाव हिंडतो. दसऱ्याला बाहेर पडलेला फड वैशाखातील बुद्धपौर्णिमेच्या सुमारास घरी परततो. पावसाळ्याचे चार महिने उत्पन्न जवळजवळ नसते.

या हंगामाचा कळस म्हणजे वसंत. रब्बीचे पीक हाती आलेले असते, शेतकऱ्याला थोडी उसंत असते आणि गावोगाव ग्रामदैवतांच्या यात्रा भरतात. पुणे-नाशिक रस्त्यावरील नारायणगाव हे तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते. तेथे फडमालक राहुट्या टाकून बसतात. गावोगावचे पुढारी आणि यात्रा समितीचे सदस्य या राहुटीतून त्या राहुटीत जातात, कलावंतांची चौकशी करतात, घासाघीस करतात आणि तमाशाची सुपारी ठरवितात. गुढीपाडव्याला तेथील व्यवहारांना मोठा भर येतो.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याने अभ्यासावा असा हा बाजार आहे. चैत्री पौर्णिमा, कालाष्टमी अशा तिथींना असंख्य गावांच्या यात्रा एकाच रात्री येतात. फड मात्र एका रात्री एकाच गावी उभा राहू शकतो. साहजिकच त्या रात्रींचे दर चढतात आणि मधल्या रिकाम्या तिथींना उतरतात. न विकली गेलेली रात्र साठवून ठेवता येत नाही. पाडव्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत जेमतेम दीड महिना मिळतो. वर्षाचा ताळेबंद जुळणार की नाही, हे बहुतांशी तेवढ्या दिवसांत ठरते.

फडाचा दिवस

मोठ्या फडात शंभराहून अधिक माणसे असतात. त्यांत नर्तिका, गायिका, सोंगाड्या, ढोलकीवाले, हलगीवाले असतात, तसेच रंगमंच उभारणारे कामगार, वीजतंत्री, वाहनचालक आणि आचारीही असतात. रंगमंचाचे साहित्य, पडदे, दिवे, जनरेटर आणि भांडीकुंडी ट्रकांतून जातात. माणसे बसमधून वा सामानाच्या जोडीने जातात. प्रत्येकाची खासगी मालमत्ता बहुधा एका ट्रंकेत आणि एका वळकटीत मावते.

गावात पोहोचल्यावर प्रथम पाण्याची आणि सावलीची चौकशी होते. चैत्र-वैशाखाच्या उन्हात पत्र्याच्या गाडीत बसवत नाही, म्हणून झाडाखाली किंवा ट्रकच्या सावलीत अंथरुणे पडतात. एकीकडे कामगार रंगमंच जोडत असतात, दुसरीकडे आचारी मोठ्या पातेल्यांत आमटी-भात शिजवीत असतो. स्त्रियांच्या स्नानासाठी कनातीचा आडोसा केला जातो. कोणी कपडे धुते, कोणी घुंगरांची तुटलेली दोरी बदलते, कोणी गावाकडे ठेवलेल्या लेकराशी मोबाइलवर बोलते. शाळेत जाणारी मुले पुष्कळदा आजी-आजोबांकडे राहतात. अंगावरची मुले मात्र आईबरोबरच फिरतात.

रात्री देवाचा छबिना निघतो आणि मग ढोलकीवर थाप पडते. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वगनाट्य असा क्रम पूर्वी पहाटेपर्यंत चाले. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निर्णयानंतर ध्वनिक्षेपकाच्या वेळेचे बंधन कडक झाले आणि वगाला कात्री लागली. अनेक गावी दुसऱ्या दिवशी सकाळी 'हजेरी'चा तमाशा असतो. तो संपला की गावकरी कुस्त्यांच्या आखाड्याकडे वळतात आणि फड सामान आवरू लागतो. पुढचे गाव पन्नास कोसांवर असले तरी रात्री तेथे वेळेवर उभे राहावेच लागते. झोप होते ती बहुधा चालत्या गाडीत.

अशा जीवनात जन्म-मृत्यूलाही सवड काढावी लागते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्याविषयीची आठवण महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. कार्यक्रम चालू असता त्या आत जाऊन प्रसूत झाल्या आणि थोड्याच वेळात पुन्हा रंगमंचावर आल्या, असे सांगितले जाते. १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरविल्या गेलेल्या या कलावतीचे अखेरचे दिवस आर्थिक विवंचनेत गेले. जानेवारी २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे २००६ पासून महाराष्ट्र शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देऊ लागले. कीर्ती होती, कमाईही होती. परंतु कमाईचे संचयात रूपांतर करणारी व्यवस्था या फिरत्या जीवनात नव्हती.

उचल आणि व्याज

हंगामापूर्वी फडमालक कलावंतांना 'उचल' देतो. पावसाळ्यातील घरखर्च, आजारपण, लग्नकार्य या उचलीवर निभावते आणि तिच्या मोबदल्यात कलावंत हंगामभर फडाशी बांधला जातो. ही रक्कम मालक बहुधा सावकाराकडून आणतो. फडाकडे तारण ठेवण्यासारखे काय असते? जुने ट्रक, कापडी कनाती आणि कलावंतांचे गुण. शेवटच्या गोष्टीवर कोणीही तारणकर्ज देत नाही.

उदाहरणादाखल, दरमहा शेकडा ३ टक्के दराने १० लाख रुपये आठ महिन्यांसाठी घेतले, तर व्याजच २ लाख ४० हजार होते. हीच रक्कम वार्षिक १२ टक्के दराने मिळाली असती, तर व्याज ८० हजार झाले असते. दोन्हींतील १ लाख ६० हजारांचा फरक ही 'पत' नसण्याची किंमत होय. ती फडमालकापाशी थांबत नाही. कमी उचल आणि कमी पगार या रूपाने ती नर्तिकेपर्यंत आणि आचाऱ्यापर्यंत पोहोचते.

दोन कोरे पाडवे

ही इमारत किती नाजूक पायावर उभी आहे, याचा प्रत्यय करोनाच्या काळात आला. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्च रोजी होता आणि देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच. यात्रा रद्द झाल्या. पुढील वर्षी, १३ एप्रिल २०२१ रोजी, पुन्हा पाडव्याच्याच दिवशी महाराष्ट्रात कडक निर्बंधांची घोषणा झाली. उचलीचे पैसे दोन्ही वर्षी आधीच वाटले गेले होते आणि खर्चही झाले होते. कमाईचा दीड महिना मात्र दोन्ही वेळा कोरा गेला. व्याजाला टाळेबंदी नसते. गाड्या उभ्या राहिल्या तरी ते चालतच राहिले.

पत्त्याकडून पतीकडे

आज परिस्थिती काही अंशी बदलली आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन-धन योजनेमुळे फिरत्या लोकांनाही खात्याचा मार्ग सुकर झाला. अधिकृत कागदपत्रे नसणाऱ्यास स्वतःच्या छायाचित्रावर आणि स्वाक्षरी वा अंगठ्यावर 'लघु खाते' उघडता येते. त्यात वर्षभरात एकूण १ लाख रुपयांपर्यंत जमा, महिन्यात १० हजारांपर्यंत रक्कम काढणे आणि कोणत्याही वेळी ५० हजारांपर्यंत शिल्लक अशा मर्यादा असतात. हे खाते प्रथम बारा महिन्यांसाठी असते. तेवढ्या अवधीत अधिकृत कागदपत्रासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिल्यास आणखी बारा महिने मिळतात. आधारद्वारे ओळख पटविताना सध्याचा पत्ता आधारवरील पत्त्याहून निराळा असल्यास तो स्वयंघोषणेने देता येतो. कोअर बँकिंगमुळे खाते एका गावी आणि व्यवहार दुसऱ्या गावी, हे नित्याचे झाले आहे. थोडक्यात, पत्त्याचा प्रश्न बराचसा सुटला आहे.

पतीचा प्रश्न मात्र बाकी आहे, कारण पत ही नोंदींतून निर्माण होते. सुपारी रोखीने ठरते, रोखीने मिळते आणि रोखीनेच वाटली जाते. हंगाम कितीही चांगला गेला तरी त्याचा कागदावर मागमूस राहत नाही. मग दसऱ्यापूर्वी कर्ज मागावयास आलेल्या फडमालकाला बँकेने कोणत्या आधारावर कर्ज द्यावे? सुपारीची रक्कम खात्यात जमा झाली आणि कलावंतांचे पगार त्यांच्या खात्यांत वळते झाले, तर दोन-तीन हंगामांत फडाची उलाढाल स्पष्ट दिसू लागेल. कलावंताच्या नावावरही बचतीची आणि आवर्त ठेवीची सवय जमा होईल. पावसाळ्यातील चार महिन्यांसाठी त्याला उचलीखेरीज दुसरा आधार उरेल.

या कामी आपल्या ग्रामीण ग्राहकांचा वाटा मोठा आहे. अनेक यात्रा समित्यांची खाती बँकांत आहेत आणि समितीचे सदस्य हे आपल्यापैकीच कोणी शेतकरी, दुकानदार वा शिक्षक आहेत. येत्या चैत्रात सुपारी ठरवाल तेव्हा इसार आणि उरलेली रक्कम धनादेशाने अथवा खात्यातून द्यावी आणि पावती जपून ठेवावी. समितीचे हिशेब त्याने चोख राहतीलच, शिवाय फडाच्या हाती त्या रात्रीच्या कमाईचा पुरावा राहील. तमाशा आवरून गाड्या पुढच्या गावाला निघून जातील. त्या रात्रीची नोंद मात्र खात्यात राहील आणि पुढच्या दसऱ्याला फडमालकाच्या बाजूने बोलेल.