संकेतस्थळावरील स्थिर व बदलती माहिती

संकेतस्थळावरील स्थिर पान एकदा लिहून ठेवलेले असते. कोणी दुरुस्त करेपर्यंत तसेच राहते. लागवडीचे अंतर, बियाण्याचे प्रमाण यांसाठी ते पुरेसे आहे. बाजारभावाचे पान बदलते असते. पीक व बाजार समिती निवडताच ते साठवलेल्या नोंदींतून त्याच वेळी तयार होते. मात्र समितीने नवे आकडे भरले नसतील तर मागचाच भाव दिसू शकतो, म्हणून माल भरण्यापूर्वी दरासोबतची तारीख पाहावी.

खरा धोका स्थिर पानात आहे. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली. त्यापूर्वीच्या पानावर त्याची शिफारस अजूनही असू शकते. पान झकपक दिसले तरी त्यावर तारीख नसल्यास फवारणीपूर्वी कृषी विज्ञान केंद्रात खात्री करून घ्यावी.