चिमणीच्या कपाळावरचा जन्मदाखला

सर्दीने कपाळ जड झाले की आपल्याला 'सायनस' आठवतो. एरवी आपल्या कवटीत हवेच्या पोकळ्या आहेत, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते. कपाळातली पोकळी तर जन्मतः नसतेच. ती बालपणी हळूहळू तयार होते. खिडकीशी दाणे टिपणाऱ्या चिमणीचेही तसेच आहे. तिच्या डोक्यातली हवा मात्र तिचे वयही सांगते.

घरट्यातून नुकत्याच उडालेल्या पिलाची कवटी हाडाच्या एकाच पातळ पापुद्र्याची असते. मग मध्यकर्ण आणि नाकाच्या पोकळ्यांतले मऊ अस्तर हाडात शिरू लागते. वाटेतले हाड झिजवणाऱ्या पेशी त्याला जागा करून देतात. अखेर कवटीला दोन थर येतात, मध्ये हवा खेळते आणि थरांना असंख्य बारीक खांब सांधून ठेवतात. एखाद्या दुपाखी छपरासारखी नव्हे, तर दुहेरी भिंतीसारखी ही रचना! बाकीच्या अंगातल्या पोकळ हाडांना हवा मिळते ती फुप्फुसांना जोडलेल्या पिशव्यांतून. डोक्याची सोय वेगळी.

हे काम बहुधा मागून आणि कडांकडून सुरू होऊन पुढे सरकते. चिमणीला त्यासाठी सुमारे सहा-सात महिने लागतात. काही जातींत थोडे झरोके आयुष्यभर तसेच राहतात.

१९५९ साली सलीम अलींच्या पुढाकाराने 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी'ने पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला. अशा कामात पक्षी हाती आला की प्रश्न येतो वयाचा. चिमणीच्या बाबतीत तो अवघड, कारण पहिल्याच वर्षी पिलू सगळी पिसे बदलते आणि थोरांसारखे दिसू लागते. तेव्हा जाणकार डोक्यावरची पिसे पाण्याने भिजवून अलगद बाजूला सारतात. पातळ कातडीखाली एकसारखी गुलाबी जागा दिसली तर तिथे अजून एकच थर आहे; पांढुरकी, बारीक ठिपक्यांची दिसली तर हवा पोहोचली आहे. ठिपके म्हणजे ते खांब. कवटी पूर्ण भरल्यावर मात्र हा दाखला मुका होतो. एक वर्षाची चिमणी आणि चार वर्षांची चिमणी यांत तो भेद करीत नाही.

ही उठाठेव कशासाठी? चिमण्या कमी झाल्या, अशी हळहळ आपण करतो. नाशिककरांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्चला चिमणी दिनही पाळला जातो. पण थोरले पक्षी मरतात, की पिलेच जगत नाहीत? इंग्लंडमधील लेस्टर शहरातल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात किड्यांच्या टंचाईचा फटका पिलांना बसल्याचे दिसले. थव्यात यंदाची पिले किती, हे कळल्याशिवाय उपायाची दिशा ठरत नाही.

पोकळ हाड म्हणजे हलका पक्षी, हेही आपण घोकत आलो. एलिझाबेथ ड्युमाँ यांनी २०१० साली पक्षी, उंदीरवर्गीय प्राणी आणि वटवाघळे यांची हाडे तपासली, कवटीसुद्धा. पक्ष्यांच्या हाडांचा पदार्थच अधिक घन निघाला. म्हणजे पोकळ असूनही ती लेचीपेची नाहीत. थोड्या सामग्रीत बळकट बांधकाम झाले आहे.

उद्या खिडकीशी चिमणी आली, तर तिच्या इवल्या डोक्यात कदाचित ते बांधकाम अजून चालू असेल. ते पुरे होईपर्यंत तिला दाणा, किडे आणि घरट्यापुरती वळचण मिळावी, एवढे तरी आपल्या हाती आहे.