थेंबाचे दोन कोन

प्लॅस्टिकच्या पिशव्या छापणाऱ्या कारखान्यात माझं निम्मं काम एका पेनावर चालतं. मार्करच तो, फक्त आत शाईऐवजी मोजूनमापून बनवलेलं द्रावण. फिल्मचा रोल मशीनवर चढायच्या आधी मी त्यावर एक रेघ ओढते आणि बघत राहते. दोन सेकंद रेघ सलग राहिली तर रोल पास. आकसून तिचे मणी झाले तर रोल बाजूला. मशीनमन काका रोल आला की एवढंच विचारतात, "मॅडम, अडतीस आहे ना?"

अडतीस म्हणजे सेंटिमीटरला ३८ डाइन, त्या द्रावणाचा पृष्ठताण. पाण्याचा ७२ च्या वर असतो, अल्कोहोलचा २२ च्या आसपास. द्रवाचे रेणू एकमेकांना ओढून धरतात. खालच्या पृष्ठभागाची ओढ त्यापुढे कमी पडली की द्रव पसरायचं सोडून आपला आपल्यात गोळा होतो. दुधाच्या पिशवीचं पॉलिइथिलीन मुळात ३१ डाइनच्या घरातलं. त्यावर शाई लागते, वाळतेही, पण चिकटपट्टी लावून ओढली की डेअरीचं नाव पट्टीबरोबर निघून येतं. म्हणून फिल्म तयार होत असतानाच तिच्यावर विजेचा मारा करतात. यालाच कोरोना ट्रीटमेंट म्हणतात. त्याने अगदी वरच्या थरात ऑक्सिजन जोडला जातो आणि आकडा ३८ ते ४२ वर जातो. फिल्मची जाडी, ताकद, रंग, सगळं तेच राहतं. ट्रीट केलेली बाजू कुठली, हे हात लावूनही कळत नाही. पेनाला कळतं.

पेन स्वस्त आणि झटपट, पण त्याचा स्वभाव पास-नापास एवढाच. शिवाय टोकाला फिल्मवरचा तेलकटपणा लागला की पुढच्या रोलबद्दलही ते भलतंच सांगतं. नेहमीच्या द्रावणात फॉर्मामाइड असतं, ते गर्भाला घातक. हातमोजे न घालणाऱ्या मुलींना मी ओरडते ते उगीच नाही.

खरी मोजणी प्रयोगशाळेत होते, संपर्ककोन मोजून. फिल्मचा तुकडा सपाट ताणून ठेवायचा. सुईतून तीनेक मायक्रोलिटरचा थेंब त्यावर अलगद टेकवायचा. मोठा घेतला तर स्वतःच्याच वजनाने चपटा होतो. मागे दिवा, पुढे कॅमेरा. पडद्यावर थेंबाची काळी आकृती दिसते. तिची कड फिल्मला जिथे भिडते तिथे स्पर्शरेषा काढायची आणि थेंबाच्या आतल्या बाजूने कोन वाचायचा. स्वच्छ काचेवर पाणी इतकं पसरतं की कोन जवळजवळ शून्य. ट्रीट न केलेल्या पॉलिइथिलीनवर नव्वदच्या वर, ट्रीटमेंटनंतर सत्तरच्या आसपास.

यामागचा विचार थॉमस यंग या लंडनच्या डॉक्टरचा, १८०५ सालचा. थेंबाच्या कडेवर तीन ओढी काम करतात: घन आणि हवा, घन आणि द्रव, द्रव आणि हवा यांच्या सीमांच्या. त्यांचा तोल जिथे साधतो तिथे कोन ठरतो. यंगने हे समीकरण न मांडता सरळ वाक्यांत लिहिलं. प्रत्येक घन-द्रव जोडीचा कोन ठरलेला, असं त्याचं म्हणणं. अगदी गुळगुळीत, सगळीकडे सारख्या पृष्ठभागावर ते खरंही आहे. असा पृष्ठभाग मात्र माझ्या टेबलावर कधी आलेला नाही.

थेंबात सुई तशीच ठेवून हळूहळू पाणी भरत जा. थेंब फुगतो, पण कड जागची हलत नाही. कोन वाढत जातो आणि मग कड एकदम पुढे सरकते. तो पुढे जातानाचा कोन. आता पाणी ओढून घ्या. कड पुन्हा अडून बसते, थेंब चपटा होतो, आणि बराच उशिराने मागे हटते. तो मागे येतानाचा कोन. साध्या फिल्मवरही या दोघांत वीस-तीस अंशांचा फरक सहज पडतो. पृष्ठभागाचा खडबडीतपणा, धूळ, कुठे जास्त कुठे कमी बसलेली ट्रीटमेंट, सगळं त्या फरकात उतरतं. पावसात एसटीच्या खिडकीवर थेंब लटकून राहतो तोही यामुळेच: खालची कड फुगलेली, वरची ताणलेली. अळूच्या पानावर मेणाच्या बारीक उंचवट्यांमध्ये हवा अडकलेली असते, त्यामुळे कोन मोठा आणि फरक नगण्य. पान जरा कललं की थेंब घरंगळतो. गुलाबाच्या पाकळीवर कोन असाच मोठा असू शकतो, पण पाकळी उलटी केली तरी थेंब पडत नाही. नुसता एक कोन बघणाऱ्याला पान आणि पाकळी सारखीच वाटतील.

म्हणून एखाद्या पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर 'संपर्ककोन ६८ अंश' एवढंच दिसलं की मी फोन करून विचारते, जातानाचा की येतानाचा? बहुतेक वेळा पलीकडे शांतता असते.

गोदामात पडून राहिलेल्या रोलचं वेगळंच दुखणं. फिल्म घसरती राहावी म्हणून आत मिसळलेलं द्रव्य हळूहळू वर येतं आणि ट्रीटमेंट झाकली जाते. बेचाळीसचा रोल छत्तिसावर येतो. "परत मारू का?" काका विचारतात. मारता येते, पण जपून. जास्त झाली तर रोलमध्ये थर एकमेकांना चिकटतात आणि पिशवीचं सील नीट बसत नाही. मी आधी चौकशी करते की फिल्म बनताना ट्रीटमेंट झाली होती का. तेव्हा झालीच नसेल, तर आता एवढ्या द्रव्याच्या थरातून ती धड बसत नाही. तो रोल बिनछापाच्या साध्या पिशव्यांना जातो.