विश्लेषण : ऑस्ट्रेलियाने मांजरांविरुद्ध ‘युद्ध’ का पुकारले? घरातली मनीही का ठरते धोकादायक?

सप्टेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या तत्कालीन पर्यावरणमंत्री तान्या प्लिबरसेक यांनी रानटी मांजरांविरुद्ध ‘युद्ध’ जाहीर केले. त्याआधी २०१५ मध्ये तेथील सरकारने पाच वर्षांत २० लाख मांजरे मारण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. एका छोट्या प्राण्यावर ही वेळ का आली आणि पाळीव मांजरांच्या मालकांचा त्याच्याशी काय संबंध, याविषयी…

रानटी मांजर म्हणजे नेमके काय?

आपल्याकडचे रानमांजर ही वेगळी प्रजाती आहे. ऑस्ट्रेलियातील रानटी मांजर म्हणजे माणसापासून दुरावून जंगलात वाढलेले साधे घरमांजर. त्या खंडावर मार्जारकुळातील एकही मूळ प्राणी नव्हता. १७८८ पासून युरोपीय वसाहतवाल्यांबरोबर मांजरे आली आणि आज ती ९९ टक्क्यांहून अधिक भूभागावर पसरली आहेत. जंगलांतील त्यांची संख्या १४ लाख ते ५६ लाखांदरम्यान असल्याचा अंदाज आहे. पाऊस चांगला झाला की भक्ष्य वाढते आणि पाठोपाठ मांजरेही वाढतात.

नुकसान किती?

बिल्बी, नुम्बॅट यांसारखे छोटे शिशुधानी प्राणी मांजराशिवायच्या जगात उत्क्रांत झाले. दबा धरून झडप घालणाऱ्या या शिकाऱ्यापासून बचाव करणे त्यांना जमत नाही. २० हून अधिक सस्तन प्रजाती नामशेष होण्यात मांजरांचा वाटा असल्याचे मानले जाते. आजही रानटी मांजरे दरवर्षी दीड अब्जाहून अधिक स्थानिक सस्तन प्राणी, पक्षी, सरपटणारे प्राणी व बेडूक मारतात, असे सरकारी अंदाज सांगतात.

उपाय कोणते?

सापळे, गोळीबार आणि विषारी आमिष हे नेहमीचे मार्ग आहेत. ‘फेलिक्सर’ हे यंत्र सेन्सरद्वारे मांजर ओळखून त्याच्या अंगावर विषारी जेल फवारते आणि अंग चाटताना ते पोटात जाते. दुसरा मार्ग कुंपणाचा. मध्य ऑस्ट्रेलियातील न्यूहेवन अभयारण्यात ४४ किलोमीटरचे मांजररोधक कुंपण २०१८ मध्ये पूर्ण झाले. मात्र संपूर्ण खंडाला कुंपण घालता येत नाही. शिवाय, लाखो जीव मारणे नैतिक आहे का, हा वाद आहेच. नसबंदी करून मांजर पुन्हा सोडून देण्याचा पर्याय सुचवला जातो. पण नसबंदी झालेले मांजरही शिकार करतच राहते, हा त्यावरचा मुख्य आक्षेप आहे.

पाळीव मांजराचा दोष काय?

पोट भरलेले असले तरी मांजराची शिकारीची उपजत प्रवृत्ती जात नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, बाहेर फिरणारे व शिकार करणारे एक पाळीव मांजर वर्षाला सरासरी १८६ प्राणी मारते. यांपैकी सुमारे १५ टक्केच शिकार ते घरी आणते. त्यामुळे ‘आमची मनी काही करत नाही’ हा समज टिकून राहतो. शिवाय वस्त्यांमध्ये मांजरे दाटीवाटीने असल्याने दर चौरस किलोमीटरमागे होणारी शिकार जंगलापेक्षा कैकपटींनी जास्त भरते. गळ्यातल्या घंटीने शिकार कमी होते, पण थांबत नाही.

मालकांनी काय करायचे?

राजधानी कॅनबेरामध्ये १ जुलै २०२२ नंतर जन्मलेले प्रत्येक मांजर घरात किंवा बंदिस्त आवारातच ठेवणे बंधनकारक आहे. व्हिक्टोरिया राज्यात तीन महिन्यांच्या मांजराची नोंदणी व मायक्रोचिप सक्तीची असून, मेलबर्न परिसरातील अनेक पालिकांनी मांजरांना बाहेर सोडण्यावर निर्बंध घातले आहेत. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हे नियम लागू होतात. मांजर दिवसभर गावभर हिंडणार आणि जेवायला घरी येणार, ही आपली सवय तेथे चालत नाही.

बंदिस्त ठेवणे म्हणजे छळ नव्हे. अंगणात जाळीचा पिंजरा, खिडकीत बसायला जागा आणि रोज थोडा खेळ मिळाला की मांजर रमते. वाहनाखाली येणे, मारामाऱ्या आणि संसर्ग यांपासूनही वाचते. वेळेत केलेली नसबंदी तर सर्वांत महत्त्वाची, कारण नको असलेली पिल्ले बाहेर सोडली जातात आणि त्यांतलीच काही पुढे रानटी होतात. सापळ्यात मारले जाणारे मांजर अनेकदा कोणाच्या तरी निष्काळजीपणाची किंमत मोजत असते.