काजळीची गाळणी

डिझेल इंजिनाच्या धुराला काळा रंग येतो तो काजळीमुळे. इंधनाचे ज्वलन अपुरे राहिले, की कार्बनचे सूक्ष्म कण मागे उरतात आणि धुराबरोबर हवेत मिसळतात. हे कण श्वासावाटे फुप्फुसांत खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या घटकांत केला. भारतात १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज ६’ ही मानके देशभर लागू झाली. डिझेल मोटारीने दर किलोमीटरला २५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक कण सोडू नयेत, ही आधीची मर्यादा होती. ती आता साडेचार मिलिग्रॅमवर आली. म्हणूनच आजच्या डिझेल मोटारींत आणि व्हॅनमध्ये धुराच्या वाटेवर एक गाळणी बसवलेली असते. तिला डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर किंवा डीपीएफ असे म्हणतात.

ही गाळणी चिनी मातीसारख्या, उष्णता सोसणाऱ्या पदार्थाची असते. मधाच्या पोळ्याप्रमाणे तिच्यात असंख्य बारीक नळ्या असतात. शेजारशेजारच्या नळ्यांची तोंडे आलटून-पालटून बंद केलेली असतात. त्यामुळे धुराला नळीच्या सच्छिद्र भिंतीतून पलीकडे जावे लागते. वायू निघून जातो आणि काजळी भिंतीवर अडकते.

घरातील चहाची गाळणी आपण धुतो. ही गाळणी मात्र स्वतःची काजळी स्वतःच जाळते. वाहन मोठ्या रस्त्यावर वेगाने धावत असताना धूर पुरेसा तापतो आणि काजळी हळूहळू जळत राहते. तेवढ्याने भागले नाही, तर इंजिनाचे संगणकीय नियंत्रण थोडे जादा इंधन सोडून गाळणीचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत नेते. या क्रियेला ‘रिजनरेशन’ म्हणतात. तिला काही मिनिटांचा सलग प्रवास लागतो. शाळेची मुले किंवा घरपोच सामान पोहोचवणारी व्हॅन दिवसभर दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या करते. तिचे इंजिन पुरेसे तापत नाही, सुरू झालेली क्रिया दर वेळी अर्धवट राहते आणि काजळी साचत जाते.

काजळी वाढली, की डॅशबोर्डवर गाळणीचा पिवळा दिवा लागतो. ही पहिली सूचना होय. अशा वेळी वाहनाच्या माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे स्थिर वेगाने व्हॅन चालवल्यास बहुधा दिवा विझतो. गाळणी तापलेली असताना व्हॅन वाळलेल्या गवतावर उभी करू नये. सूचनेकडे दुर्लक्ष झाले, तर इंजिनाचा दिवाही लागतो, व्हॅनची ओढ कमी होते आणि इंधन अधिक लागते. मग तपासणी अपरिहार्य ठरते.

कुशल कारागीर लगेच गाळणी उतरवत नाही. तो प्रथम स्कॅनर जोडून संगणकात नोंदलेले संकेतांक वाचतो. ‘पी २४६३’ हा काजळी साचल्याचा संकेतांक आहे. ‘पी २४५३’ हा दाब मोजणाऱ्या सेन्सरविषयी शंका दर्शवतो. हा सेन्सर दोन बारीक नळ्यांनी गाळणीच्या पुढच्या व मागच्या बाजूंना जोडलेला असतो. दोन्हीकडच्या दाबांतील फरक जितका जास्त, तितकी गाळणी भरलेली, असे संगणक मानतो. इंजिन बंद ठेवून चावी फिरवली असता हा फरक शून्याजवळ दिसला पाहिजे. तसा तो न दिसल्यास दोष सेन्सरचा किंवा त्याच्या जोडणीचा असण्याचा संभव अधिक. एखादी नळी तडकलेली वा तुंबलेली असली, तरी चांगली गाळणी भरलेली भासू शकते. नळी बदलण्याचे काम थोडक्यात होते. नवी गाळणी मात्र अत्यंत महाग असते.

गाळणी खरोखरच भरली असेल, तर ती का भरली, हा पुढचा प्रश्न. गळका इंजेक्टर, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह, टर्बोच्या फाटलेल्या पाइपातून निसटणारी हवा किंवा तुंबलेला एअर फिल्टर यांमुळे काजळी प्रमाणाबाहेर तयार होते. हे मूळ दुरुस्त केल्याशिवाय स्कॅनरच्या साहाय्याने सक्तीचे रिजनरेशन करणे व्यर्थ होय. गाळणी पुन्हा भरते. शिवाय काजळी फारच साचलेली असताना ती एकदम पेटवली, तर अतिउष्णतेने गाळणीला तडे जातात. कारागीर डिपस्टिकही पाहतो. वारंवार अर्धवट राहिलेल्या रिजनरेशनमधील डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते, ऑइल पातळ होते आणि त्याची पातळी वाढते. असे ऑइल बदलणे आवश्यक असते.

काजळी आणि राख यांतील भेदही लक्षात घेतला पाहिजे. काजळी जळते, इंजिन ऑइलमधील रासायनिक घटकांची राख जळत नाही. लाखभर किलोमीटर धावलेल्या व्हॅनच्या गाळणीत ती बरीच साठते. अशी गाळणी उतरवून यंत्राने साफ करावी लागते किंवा बदलावी लागते. कमी राखेचे, उत्पादकाने सुचवलेले ऑइल वापरल्यास ती वेळ लांबते.

खर्च टाळण्यासाठी काही जण गाळणी आतून पोकळ करून घेतात. दिवा विझतो, व्हॅन जोमाने धावते आणि दुरुस्ती झाली असे वाटते. परंतु मानकांनी अडवलेली काजळी पुन्हा रस्त्यावर येते. ती प्रथम व्हॅनमागून चालणाऱ्याच्या, सिग्नलवर उभ्या असलेल्या फेरीवाल्याच्या आणि व्हॅनमधून उतरणाऱ्या मुलांच्या श्वासात जाते. धुराच्या नळीच्या तोंडातून बोट फिरवल्यावर ते काळेभोर झाले, तर गाळणी फुटली आहे किंवा काढून टाकली आहे, असे समजावे. निरोगी गाळणीच्या वाहनाची नळी आतून जवळजवळ स्वच्छ असते.

डॅशबोर्डवरील पिवळा दिवा गाळणीला दोषी ठरवत नाही. तो कारण शोधण्यास सांगतो. ते कारण वेळीच शोधणाऱ्या चालकाचा पैसा वाचतो आणि इतरांचा श्वासही.