गळाला कोणता रंग? आधी पाण्याला विचारा!

किडीच्या सापळ्यांची माहिती द्यायला परवा पाटण खोऱ्यातल्या एका गावात गेलो होतो. देवळाच्या पारावर पिवळे आणि निळे चिकट सापळे मांडले. पांढरी माशी आणि मावा पिवळ्यावर येतात, फुलकिडे निळ्यावर, हे सांगून झाले. तेवढ्यात मागे उभा असलेला एक तरुण म्हणाला, "सायेब, किडीचा रंग कळला. माशाचा कुठला?"

सगळे हसले. पण त्याने खिशातून एक डबी काढली. डबीत प्लॅस्टिकचे सहा छोटे मासे होते. लाल, हिरवा, पोपटी, निळा, रुपेरी आणि काळा. मोबाईलवरून मागवलेले. दोन दिवसांची मजुरी त्यात गेली होती आणि महिनाभरात एक मासा वळला नव्हता. शेजारचे आजोबा म्हणाले, "आरं, आमी गांडुळावर धरत हुतो. गांडुळाला कुठं रंग देत हुतो आमी?"

शेतकरी बंधूंनो, दोघांचेही थोडे थोडे बरोबर आहे. कसे ते पाहू.

ल्युअर म्हणजे काय?

ल्युअर हा शब्द आपल्याला कामगंध सापळ्यामुळे माहीत झाला. त्या सापळ्यातली रबरी गोळी वासाने नर पतंगाला बोलावते. तिथे रंगाचे काम नाही. गळाला लावायच्या प्लॅस्टिकच्या किंवा पत्र्याच्या माशालाही ल्युअरच म्हणतात, पण तो फसवतो डोळ्यांना. म्हणून पहिला प्रश्न असा की आपल्याला हवा असलेला मासा डोळ्यांनी भक्ष्य शोधतो की वासाने?

कटला पाण्याच्या वरच्या थरात बारीक जीव खातो. रोहू मधल्या थरात, तर मृगळ तळाशी चरतो. हे मासे दुसऱ्या माशाच्या मागे धावत नाहीत. त्यांना कणकेचा गोळा, पेंड किंवा भाताचा कोंडा बरा. चिलापी आणि वाम गांडुळावर येतात. रंगीत खोटा मासा उपयोगी पडतो तो मरळ आणि खडस यांसारख्या झडप घालणाऱ्या माशांना. रोहूसाठी ल्युअर घेणे म्हणजे बैलापुढे मटण ठेवण्यासारखे आहे.

पाणी रंग खाते

पाण्यावरचा रंग आणि पाण्यातला रंग एक नसतो. उन्हाच्या प्रकाशात सगळे रंग असतात. नितळ पाण्यात खोल जावे तसा लाल रंग आधी संपतो, मग नारिंगी, मग पिवळा. निळा सर्वांत खोल जातो. पाच-सात मीटर खोल डोहात लाल आमिष काळपट करडे दिसते. गुडघाभर पाण्यात मात्र लाल तो लालच राहतो.

गढूळ पाण्यात उलटे होते. माती आणि कुजलेला पालापाचोळा निळा प्रकाश आधी गिळतात. उरतो तो पिवळसर-तांबूस उजेड. म्हणून पावसाळ्यात निळे आमिष काळे पडते, आणि पिवळे किंवा नारिंगी उठून दिसते.

पाणी किती गढूळ आहे ते कसे ओळखाल? शेततळ्यात मासे पाळणाऱ्यांना ही युक्ती माहीत आहे. हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवा. तळवा स्पष्ट दिसला तर पाणी नितळ. मनगटापाशीच दिसेनासा झाला तर गढूळ. रंग निवडायला एवढे मोजमाप पुरते.

साधा हिशेब

नितळ पाणी आणि लख्ख ऊन असेल तर रुपेरी किंवा पांढरट-हिरवट आमिष घ्यावे. ते खऱ्या बारीक माशासारखे दिसते. भडक रंगाने मासा बुजतो.

पाणी गढूळ असेल तर पिवळा, पोपटी किंवा नारिंगी.

शेवाळाने हिरव्या झालेल्या तळ्यात हिरवे आमिष पाण्यातच मिसळून जाते. तिथे नारिंगी किंवा लाल घ्यावे.

पहाटे, दिवेलागणीला आणि दाट ढगांत काळा किंवा गडद रंग. अंधारात माशालाही रंग कळत नाहीत, उजेड आणि सावली तेवढी कळते. खालून वर पाहणाऱ्या माशाला आभाळाच्या उजेडावर काळी आकृती ठळक दिसते.

नदी लाल-तांबडी होऊन वाहत असेल तर कोणताच रंग नको. अशा पाण्यात मासा वासावर आणि अंगावरच्या रेघेतून कळणाऱ्या हादऱ्यांवर चालतो. तेव्हा आजोबांचे गांडूळच खरे.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी तिथल्या बास नावाच्या माशाला रंग ओळखायला शिकवून पाहिले. त्यांचा अभ्यास २०१८ साली पुढे आला. त्या माशाला लाल आणि हिरवा नीट ओळखता आला. पण पोपटी-पिवळ्या आणि पांढऱ्यात, तसेच गडद निळ्या आणि काळ्यात त्याची गल्लत झाली. म्हणजे दुकानात आपल्याला वेगळे दिसणारे दोन रंग माशाला एकच वाटू शकतात. बास आपल्या नदीत नाही, आणि प्रत्येक जातीचा डोळा वेगळा. पण सहा रंगांची डबी घ्यायची गरज नाही एवढे यातून नक्की कळते. एक रुपेरी, एक पिवळे-नारिंगी आणि एक काळे, अशी तीन आमिषे पुष्कळ झाली.

मरळीचा राग

त्या तरुणाने आणखी एक गोष्ट सांगितली. मित्राने त्याला सांगितले होते, "पावसाळ्यात लाल पिलांचा घोळका दिसला की त्यात लाल ल्युअर टाक. मरळ हमखास घेते."

हे खरे आहे, म्हणूनच सांगणे भाग आहे. मरळीची पिले लालसर-नारिंगी असतात आणि गोळा होऊन वर येतात. आई-बाप खाली राखण करतात. घोळक्याजवळ जे येईल त्यावर ते तुटून पडतात. त्यांना रंग आवडतो म्हणून नव्हे, पोरांच्या काळजीने. ती मरळ काढली की मागची शेकडो पिले इतर माशांच्या तोंडी जातात. एका कालवणासाठी पुढच्या सालचे तळे रिकामे होते. चढणीच्या माशांचेही तसेच. पहिल्या पावसात अंडी घालायला वर चढणारा मासा म्हणजे आपल्या ओढ्याचे बियाणे. बियाण्याचे धान्य आपण दळत नाही.

खडस म्हणजे महाशीर. इंग्रज अधिकारी साईक्स याने १८३९ साली दख्खनच्या नद्यांतून या माशाची शास्त्रीय नोंद केली. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात पन्नासहून अधिक वर्षे त्याची पिले तयार केली जात आहेत. पिले करून सोडावी लागतात, यावरूनच काय ते समजावे. गळाला लागलाच तर हात ओले करून धरावा आणि परत सोडावा.

कुठे गळ टाकू नये

कोयना अभयारण्याच्या हद्दीत, शिवसागर जलाशयात गळ टाकू नये. तलाव मच्छीमार संस्थेकडे ठेक्याने असेल तर आधी संस्थेला विचारावे. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणे १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. पोलीस पाटील, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी उन्हाळ्यात डोह आटतात तेव्हा यावर लक्ष ठेवावे. हेळवाकपासून खाली नदीत उतरणाऱ्यांनी भोंग्याकडे कान ठेवावा. पायथा वीजगृहाचे एक युनिट सुरू झाले तरी १०५० क्युसेक पाणी नदीत येते. आभाळ कोरडे असतानाही पात्र भरते.

आणखी एक रंग

शेवटी माझ्या खात्याचे सांगतो. कीटकनाशकाच्या बाटलीवर त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. पण हा क्रम माणसाला आणि जनावराला होणाऱ्या विषबाधेवरून ठरतो, माशावरून नाही. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधे अगदी थोड्या प्रमाणातही माशाला मारतात. तेव्हा त्रिकोण निळा किंवा हिरवा आहे म्हणून फवारणीचा पंप ओढ्यात धुऊ नका. बांधापासून लांब, पडीक जागेवर धुवा.

निघताना त्या तरुणाने डबीतली तीन आमिषे माझ्यापुढे धरली. "ही परत करतो, सायेब. लाल ठेवू का?"

"ठेव," म्हटले. "हिरव्या तळ्यावर वापर. फक्त लाल पिलांच्या घोळक्यात टाकू नकोस."

आजोबा म्हणाले, "आणि पंप बी वड्यात धुवू नगंस."

तो ओशाळून हसला. काल कुठे धुतला होता, ते मी विचारले नाही.