घातक कचरा घरातला, जबाबदारी कोणाची?

सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. घरात कुणाला इन्सुलिन चालू असेल, तर वापरलेली सुई तुम्ही कुठे टाकता? कुठेही विचारा, बहुतेक वेळा उत्तर एकच येतं: कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात. आपल्यापुरतं काम संपलं. पण दुसऱ्या दिवशी कचरा वेचणारी ताई ती पिशवी हातानं उघडते आणि सुई तिच्या बोटात जाते. ती कुणाला टोचलेली होती, त्याला कुठला आजार होता, हे तिला कधीच कळत नाही.

२०१६च्या घनकचरा नियमांनी अशा वस्तूंना ‘घरगुती घातक कचरा’ म्हटलं. रंगाचे आणि कीटकनाशकांचे डबे, सीएफएल, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, वापरलेल्या बॅटऱ्या, सुया. हे वेगळं ठेवायचं नागरिकांनी, गोळा करायचं पालिकेनं. म्हणजे खर्च सगळ्या करदात्यांचा. वस्तू बनवून विकणारा मात्र विक्रीनंतर मोकळा!

इथेच दुसरा विचार येतो. १९९०मध्ये स्वीडनच्या थॉमस लिंडक्विस्ट यांनी तो मांडला: विस्तारित उत्पादक जबाबदारी. वस्तू विकली म्हणून कंपनीचं काम संपत नाही. ती वस्तू कचरा झाल्यावर परत घेण्याची, विल्हेवाट लावण्याची व्यवस्था आणि खर्चही तिचाच. यात नुसती वसुली नाही बरं का. कचऱ्याचा खर्च स्वतःच्या खिशातून जायला लागला, की कंपनी डिझाइन करतानाच विचार करते: यात पारा कमी करता येईल का? बॅटरी सहज काढता येईल का?

आता तुम्ही म्हणाल, कंपनी किंमत वाढवून पैसे आपल्याकडूनच घेणार ना? घेईल, थोडी वाढेल. पण आज तोच खर्च न वापरणाराही करातून देतो, आणि उरलेला ती ताई आपल्या बोटांनी देते. किमतीत आला, तर निदान वापरणाऱ्याकडून येईल, आणि ज्याची वस्तू निकालात काढायला सोपी, त्याला बाजारात फायदा होईल.

फ्रान्समध्ये हे सुयांच्या बाबतीत झालंय. घरी सुई टोचून घेणाऱ्या रुग्णाला औषधाच्या दुकानात टणक डबा फुकट मिळतो. भरला की ठरलेल्या केंद्रावर नेऊन द्यायचा. खर्च उत्पादकांचा. उरलेल्या औषधांसाठीही तिथे औषध कंपन्यांच्या पैशावर अशीच व्यवस्था चालते.

आपल्याकडे काहीच नाही असं नाही. ई-कचऱ्याचे नियम २०१२पासून लागू आहेत, पाऱ्याचे दिवे त्यात २०१६ला आले, आणि बॅटऱ्यांसाठी २०२२चे नियम आहेत. मग सुया आणि औषधं मागे का राहिली? कारण साधं आहे. गाडीच्या बॅटरीत शिसं असतं, भंगारवाला त्याचे पैसे देतो. वापरलेल्या सुईला भावच नाही. ज्याला भाव आहे, ते कायद्याआधीही गोळा होत होतं. ज्याला भाव नाही, तिथेच कायद्यानं उत्पादकाला हात घालायला लावायचा असतो.

आणखी एक सावधगिरी. जबाबदारी नुसत्या टनांमध्ये मोजली, तर कागदावर वजन जुळेल आणि सुई डब्यातच राहील. म्हणून मोजताना विचारायला हवं: परत देण्याची जागा घरापासून किती लांब आहे? आणि कचरा वेचकांना या कामाचे पैसे मिळतात का? पुण्यात ‘स्वच्छ’च्या वेचकांनी सॅनिटरी कचऱ्यावर लाल ठिपका काढायला लोकांना सांगितलं. आत काय आहे ते हात घालण्याआधी कळावं, एवढीच मागणी होती.

तोवर आपण काय करायचं? सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका, झाकण घट्ट लावा, वर मोठ्या अक्षरात ‘सुया’ लिहा आणि वेगळ्या हातात द्या. आणि पुढच्या वेळी औषधं आणायला गेलात, की दुकानदाराला विचारा, “हे परत घेता का?” तो नाही म्हणेल. पण दहा जणांनी विचारलं, तर तो प्रश्न कंपनीच्या माणसापर्यंत पोचेल.